रंगपंचमीला पडलेला दात, दुधाचा ग्लास आणि आमचं इंदौरच्या अन्नपूर्णा भागातलं दातांचं क्लिनिक

मागच्या वर्षी रंगपंचमीला सकाळी साडेअकराच्या सुमारास माझ्या भाच्याचा समोरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर आला. ताईचं घर रामबागेत, अंगणात फरशी, फरशीवर रंगाचं पाणी, पोरं पिचकाऱ्या घेऊन पळत होती आणि हा घसरला तो सरळ ओट्याच्या कडेवर तोंडावरच आपटला. अकरा वर्षांचा मुलगा. तोंडातून येतंय ते रक्त आहे की रंग हेच आधी कुणाला कळेना, तो रडतोय, ताई त्याच्याहून जास्त रडतेय, आणि मी क्लिनिकला फोन लावला. त्या दिवशी अख्ख्या इंदौरला सुट्टी असते, माहीत होतं, तरी लावला, कारण आमच्या ह्यांच्या दाढेच्या वेळी (ते पुढे सांगते) मॅडमनी इमर्जन्सीसाठी एक नंबर दिला होता. मॅडमनी स्वतः उचलला.

हा रिव्ह्यू मुख्य म्हणजे त्या फोनसाठी आहे.

त्यांनी पहिलं विचारलं की तो शुद्धीवर आहे ना, उलटी झाली का, चक्कर येतेय का. म्हणजे आधी डोकं, मग दात. मग विचारलं दुधाचा दात की पक्का. पक्का म्हटल्यावर आवाजच बदलला त्यांचा. दुधाचा दात पडला तर तो परत बसवत नाहीत, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला धक्का लागतो, पण पक्का दात मुळासकट निघाला असेल तर तो परत बसू शकतो आणि त्यात एकेक मिनिट मोलाचं असतं. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे लहानपणी दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायचे, तेवढंच माहीत.

दात कुठाय विचारल्यावर आम्ही शोधायला लागलो. अंगणातल्या पाणी जायच्या जाळीपाशी सापडला, गुलाबी पाण्यात पडून गुलाबी झालेला. तोंडात एवढासा दिसणारा दात बाहेर आला की केवढा लांब असतो ते मी पहिल्यांदा बघितलं, वरचा भाग नखाएवढा आणि खाली त्याच्याहून लांब निमुळतं पिवळसर मूळ. शेजारच्या काकूंनी तो उचलला आणि नळाखाली अंगठ्याने घासायला निघाल्या, चांगल्या हेतूनेच, घाण लागलीय म्हणून. फोन स्पीकरवर होता, मॅडम जवळजवळ ओरडल्याच, "काकू, घासू नका! मुळाला हात लावू नका, पांढऱ्या भागाला धरा!"

मग त्या म्हणाल्या, नुसता दुधाने एकदा हलका विसळा आणि हिंमत असेल तर त्याच खड्ड्यात परत बसवा, बाजू बघा, पुढचा भाग पुढे, आणि स्वच्छ रुमाल दाताखाली देऊन हळू चावून धरायला सांगा. ताईच्याने ते झालं नाही आणि माझ्याही नाही, खरं सांगते, हात थरथरत होते. मग म्हणाल्या हरकत नाही, ग्लासात थंड दूध घ्या, दात पूर्ण बुडेल एवढं, आणि निघा. फ्रिजमध्ये सांचीची थैली होती, ती फोडली, स्टीलच्या ग्लासात दूध, दुधात दात, वर ताटली, आणि तो ग्लास मी रिक्षात मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. रिक्षावाला म्हणाला, "दीदी, राजवाड़े तरफ से तो आज नी निकलेगी गाड़ी, गेर चालू हे." गेर म्हणजे इथली रंगपंचमीची मिरवणूक. मग गल्लीगल्लीतून काढली त्याने. पडल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत आमची चाळीस मिनिटं गेली, त्यातली साताठच मिनिटं दात कोरडा किंवा रंगाच्या पाण्यात होता.

दूधच का ते मॅडमनी नंतर समजावलं. दाताच्या मुळावर एक अगदी पातळ जिवंत आवरण असतं, त्यानेच दात हाडाला धरून राहतो. घासलं की ते निघून जातं, कोरडं पडलं की मरतं, आणि साध्या पाण्यातही त्या पेशी फुगून फुटतात. दुधात क्षारांचं प्रमाण असं असतं की त्या काही वेळ टिकतात. दात तासभर कोरडा राहिला तर ते आवरण जवळपास गेलंच समजायचं. दूध नसेलच तर मोठ्या माणसाने दात स्वतःच्या गालात ठेवून आणला तरी चालतं म्हणाल्या, लहान मुलाच्या गालात नको, गिळेल.

क्लिनिकला पोचलो तर मॅडम आमच्या आधी आलेल्या, दोन गल्ल्या पलीकडेच राहतात, भांगात हिरवा रंग तसाच. पण हात मात्र ब्रशने घासून घासून धुतले, मला वाटतं पाच मिनिटं, नखांतला रंग जाईपर्यंत. एक्स-रे काढला, हाड फ्रॅक्चर नाही ना बघितलं, सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, खड्डा सलाइनने धुतला आणि दात बोटाच्या हलक्या दाबाने हळूहळू आत सरकवला. मग शेजारच्या दोन्हीकडच्या दातांना धरून बारीक तार चिकटवली, दातांत भरायचं सिमेंट असतं ना तसल्या मटेरियलने. तार मुद्दाम लवचिक ठेवतात, एकदम जखडून टाकलं तर दात हाडालाच चिकटून बसतो. ॲन्टिबायोटिक दिलं, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारलं, दोन आठवडे मऊ खाणं, मऊ ब्रश, आणि औषधी माउथवॉशच्या गुळण्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोटा दिलासा दिला नाही. ताई विचारत होती की आता झालं ना ठीक, पहिल्यासारखा होईल ना. मॅडम शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, दात जागेवर गेलाय आणि वेळेत गेलाय, पण ह्याची नस आता जगणार नाही, दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करावं लागेल. त्यानंतरही मूळ हळूहळू विरघळू शकतं, म्हणून वर्षानुवर्षं तपासत राहायचं. पण दहा वर्षं जरी टिकला तरी तोपर्यंत हाड शाबूत राहील आणि हा मोठा होईल." दोन आठवड्यांनी तार निघाली, रूट कॅनाल झालं, आता वर्ष उलटून गेलंय, दात घट्ट आहे, दर सहा महिन्यांनी एक्स-रे होतो. बिल? तार बसवायचे अडीच हजार, रूट कॅनालचे साडेतीन, सुट्टीचे वेगळे काही नाही.

आता ह्या दाताचा रंग जरासा करडा पडलाय आणि ताईला आत्ताच त्यावर कॅप हवी होती, शाळेत मुलं चिडवतात म्हणून. मॅडम नको म्हणाल्या. मुलाचा जबडा अजून वाढतोय, हिरडीची रेघ बदलत राहते, आज कॅप बसवली तर तीनचार वर्षांत कडा उघडी पडेल, शिवाय कॅपसाठी चांगला दात चारी बाजूंनी घासावा लागतो. त्याऐवजी दाताच्या आतून ब्लीच करता येतं, मागच्या बाजूने छोटंसं भोक ठेवून औषध आत ठेवतात आणि काही दिवसांनी बदलतात, ते पुढच्या सुट्ट्यांत करू म्हणाल्या. शेजारच्या दाताचा टवका उडाला होता तो मात्र एका बैठकीत भरून दिला, रंग असा जुळवलाय की कुठला ते मलाही सांगता येत नाही. कॅपचे पैसे द्यायला तयार असलेली बाई समोर असताना डॉक्टर नको म्हणतो, ह्यावरून मला माणूस कळतो.

आता आमच्या ह्यांचं. हे आधीचं आहे, दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतलं. खालच्या दाढेला थंड लागलं की कळ यायची, पाचसहा महिने चाललं होतं, ह्यांनी लक्ष दिलं नाही. मग एका रात्री सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाऊन आलो आणि दोन वाजता ठणका सुरू. लवंगेचं तेल, पेनकिलर, दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडून ॲन्टिबायोटिक, तीन गोळ्या घेतल्या आणि दुखणं गायब. दुखणं थांबलं म्हणून गोळ्या थांबल्या, डॉक्टरही राहिला. नऊ दिवसांनी सकाळी उठले तर गाल हा एवढा सुजलेला, तोंड नीट उघडेना, आणि सासूबाईंनी मायेने गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दिला.

तेव्हा ह्या क्लिनिकमध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो. मॅडमनी शेक आधी बंद करायला लावला, त्याने सूज वाढते. मग समजावलं की ठणका अचानक थांबला तो दाढ बरी झाली म्हणून नाही, आतली नस मेली म्हणून, आणि मेलेल्या नसेतला संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरला, तो पू तिथे साचला. ॲन्टिबायोटिक अर्धवट घेतल्याने तो दबला फक्त, मूळ कारण दाढेच्या आतच बसलेलं, तिथवर गोळी पोचतच नाही. दाढेला वरून वाट करून दिली, पू निघाला, आणि माणूस खुर्चीतच "हुश्श" म्हणाला. शुगर आहे सांगितल्यावर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करून आणायला सांगितली, कारण शुगर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्गही पसरतो.

मग एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं की काय झालं तर क्लिनिकला यायचं नाही, सरळ एमवायला (इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं: सूज डोळ्याकडे चढली किंवा जबड्याखाली गळ्याकडे उतरली, थुंकी गिळता येईना, आवाज जड झाला, श्वासाला त्रास, थंडी वाजून ताप. दाताच्या सुजेने श्वासाची वाट बंद होऊ शकते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि आपल्याकडे तर "दातच तर आहे" म्हणून आठ-आठ दिवस काढतात लोक. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. त्याच कागदाच्या खाली तो इमर्जन्सीचा नंबर.

पुढे तीन बैठकांत रूट कॅनाल, त्यावर कॅप. कॅपला झिरकोनिया (दातासारखी पांढरी) की मेटल विचारलं तर म्हणाल्या शेवटची दाढ आहे, हसताना दिसत नाही, मेटलची घ्या, पातळ असते, दात कमी घासावा लागतो आणि वर्षानुवर्षं चालते. स्वस्तातली सुचवली म्हणून हे दोन दिवस चकित होते.

आणि आता जे लिहिल्याशिवाय राहवत नाही ते, माझी सून. तेव्हा होणारी सून होती. धार जिल्ह्यातल्या एका गावात वाढलेली, शिकलेली, गोड मुलगी, पण समोरच्या चार दातांवर तपकिरी डाग आणि बाकी दातांवर पांढरे खडूसारखे पट्टे. हसताना ती ओठांवर हात धरायची, बोलताना मान खाली. साखरपुड्यात आमच्याकडच्या एका बाईंनी तिला ऐकू जाईल असं म्हटलंही की "दात घासत नाही का ही." मला ते फार लागलं.

तिच्या घरच्यांनी तिला आधी एका दुसऱ्या मोठ्या झगमगीत ठिकाणी नेलं होतं, नाव नाही लिहीत. तिथे पंधरा मिनिटांत सांगितलं की आठ दात घासून आठ व्हिनिअर (दातावर समोरून चिकटवायचे पातळ पांढरे पापुद्रे), दाताला पंधरा हजार, लग्नाच्या आत करून देतो, आज बुकिंग करा तर डिस्काउंट. एक लाख वीस हजार! तिचे बाबा शेतकरी, ते कर्ज काढायला निघाले होते. मी म्हटलं थांबा, एकदा आमच्या मॅडमना दाखवू.

मॅडमनी दात बघितले, वाळवून बघितले, आणि पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी पाणी कुठलं प्यायचीस?" बोरचं. गावातल्या बऱ्याच जणांचे दात असेच आहेत का? हो. मग म्हणाल्या हा फ्लोरोसिस आहे, ह्यात तुझी चूक शून्य. धार, झाबुआ ह्या पट्ट्यात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याच्या मर्यादेबाहेर. हिरडीच्या आत दात तयार होत असतात त्या वयात, साधारण पहिल्या आठ वर्षांत, असं पाणी पोटात गेलं की दाताचं वरचं आवरणच तसं बनतं. हे बाहेरून चढलेले डाग नाहीत, कितीही घासलं तरी पेस्टने जाणार नाहीत. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षं ती स्वतःला अस्वच्छ समजत होती.

मग मॅडमनी तिच्या हातात आरसा दिला आणि विचारलं, "तुला नक्की काय खटकतं ते बोटाने दाखव." तिने फक्त ते चार तपकिरी डाग दाखवले. पांढऱ्या पट्ट्यांचं तिला काही नव्हतं! आणि आठ दात घासायला निघाले होते लोक. एकदा घासलेलं आवरण परत येत नाही, व्हिनिअर दहापंधरा वर्षांनी बदलावे लागतात, मग परत खर्च, परत घासणं, बावीसच्या मुलीला आयुष्यभराचं ते मागे लागतं. व्हिनिअर वाईट नाहीत असंही त्या स्पष्ट म्हणाल्या, काहींना तेच लागतात, फक्त ती शेवटची पायरी.

आधी स्वच्छता केली, म्हणजे स्केलिंग. (सासूबाईंचं म्हणणं की स्केलिंगने दात हलतात. दात हलतात ते आत साचलेल्या कीटणाने हिरडी सोडते म्हणून, कीटण काढलं की ते नुसतं कळतं.) मग हिरड्यांवर रबराचा पडदा लावून त्या चार दातांवर सौम्य ॲसिड आणि बारीक भुकटीची पेस्ट फिरवली, वरचा अगदी पातळ थर निघतो आणि त्याबरोबर तपकिरी रंगाचा बराच भाग. दोन बैठका. त्यानंतर दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे बनवले, त्यात रोज रात्री ब्लीचचं जेल भरून झोपायचं, तीन आठवडे. पहिल्याच आठवड्यात तिचा घाबरून फोन, मावशी (तेव्हा मावशीच म्हणायची) पांढरे डाग जास्तच दिसायला लागले. पण मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं की सुरुवातीला पांढरे भाग जास्त उठून दिसतात, मग बाकीचा दात उजळला की मिसळतात. तसंच झालं. मधे चारपाच दिवस थंड पाणी झोंबायचं, त्यासाठी सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दिली, एक रात्र सोडून ट्रे लावायला सांगितला.

ह्या काळात चहा, कॉफी आणि हळद टाळायची. इंदौरमध्ये तीन आठवडे पोह्यांशिवाय! तिच्यासाठी आम्ही दहीभात, साबुदाण्याची खिचडी, उपमा असं करत होतो, आणि हेही आधीच मोजून घेतलं की लग्नातल्या हळदीच्या दोन आठवडे आधी सगळं संपेल. दाताचा एक कोपरा तुटलेला होता तो भरायचं काम मॅडमनी मुद्दाम ब्लीच संपल्यावर दोन आठवडे थांबून केलं, लगेच केलं तर ते मटेरियल नीट धरत नाही, आणि शिवाय रंग आधी स्थिर व्हायला हवा, कारण भरलेल्या सिमेंटचा, कॅपचा रंग ब्लीचने बदलत नाही. ज्यांना कॅप आणि ब्लीच दोन्ही करायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, आधी ब्लीच, मग कॅप, उलटं केलं तर दोन रंगांचे दात.

सगळं मिळून चौदा हजार रुपये झाले. दात जाहिरातीसारखे पांढरेशुभ्र झाले का? नाही. एका दातावर फिकट सावली अजून आहे. पण मेमधल्या लग्नाच्या फोटोंत, माळ घालताना, ती तोंड उघडून हसलीय आणि दोन्ही हात हारावर आहेत.

तक्रारीही लिहिते. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद, सासूबाईंचे गुडघे बघता प्रत्येक वेळी दोघांनी धरून न्यावं लागतं आणि हे बदलायलाच हवं. अपॉइंटमेंट सहाची असली तर सातला नंबर लागतो, कारण मॅडम प्रत्येकाला आरसा देऊन समजावत बसतात, मला ते आवडतं पण वाट बघणाऱ्याला त्रास होतोच. गाडी लावायला जागा नाही. रिसेप्शनवरची मुलगी नवीन आहे, तिला फोनवर "दात पडलाय" सांगितलं तर ती गुरुवारची वेळ देत होती (हे माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत झालं), मॅडमना सांगितल्यावर त्यांनी तिला विचारायच्या प्रश्नांचा कागद करून दिलाय, दात मुळासकट निघालाय का, सूज आहे का, रक्त थांबत नाहीये का, असं काही असलं की थेट मॅडमकडे फोन.

एक गोष्ट राहिली, त्या प्रत्येकाची जीभ आणि गालाची आतली बाजू बघतातच, मागितलं नसलं तरी. आमच्या ड्रायव्हरचं तोंड तीन बोटंही उघडत नव्हतं, गुटख्याने आतून कातडी ताठ झालेली, त्याला फक्त दाढ भरायला नेलं होतं. दोन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं कुठलंही फोड किंवा पांढरा चट्टा दाखवायचाच म्हणाल्या आणि त्याला सरकारी डेंटल कॉलेजला चिठ्ठी देऊन पाठवलं, स्वतःकडे ठेवून घेतलं नाही. गुटखा सोडून त्याला सात महिने झालेत, तोंडाचे व्यायाम करतोय.

रविवारी बंद असतं, इमर्जन्सी नंबर चालू असतो. कॅश, यूपीआय दोन्ही चालतं, एक्स-रे व्हॉट्सॲपवर पाठवतात. संध्याकाळी जाणार असाल तर साडेपाचच्या आधीची वेळ घ्या, आणि गाडीऐवजी रिक्षाने जा.